गाडीचे खाडे: चार गाड्या, सोळा वर्षं आणि एक वही

दूधवाल्याचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतो, तसे मी गाड्यांचे मांडते. 2009 साली आम्ही पहिली बोलेरो घेतली तेव्हापासून. चिपळूणला आमचा गाड्या भाड्याने देण्याचा धंदा आहे. धंदा म्हणजे एका वेळी दोन गाड्या, फार तर तीन. एक गाडी हे चालवतात, दुसरी धाकटे भाऊजी. फोन मी घेते, वर्द्या (भाड्याच्या फेऱ्या) मी लिहिते, डिझेलचा आणि गॅरेजचा हिशेब मी चुकता करते. पहिल्या वर्षी कालनिर्णयच्या चौकटीत लाल फुली मारायचे: आज गाडी उभी. मग चौकट पुरेना, म्हणून दोनशे पानी वही केली. आता पाचवी वही चालू आहे.

गणपतीत मुंबई-पुण्याची मंडळी घरी आली, की आरती झाल्यावर ओटीवर एक वाद ठरलेला. भरपूर रनिंग होऊनही न दमणारी एसयूव्ही कुठली? भाऊजींचं म्हणणं स्कॉर्पिओ. यांचं टोयोटा, मग पुढचं मॉडेल कुठलंही असो. पुण्याचा पुतण्या फॉर्च्युनरचे व्हिडिओ दाखवतो. दुबईहून सुट्टीवर आलेले शेजारचे काका म्हणतात, तुमच्या गाड्या म्हणजे खेळणी, आमच्याकडे टोयोटाची प्राडो पाच लाख किलोमीटर सहज जाते. आणि सगळे मिळून मला म्हणतात, "वहिनी, चहा टाका." यंदा चहा टाकला आणि सोबत वहीही आणून टाकली. त्या रात्री जे बोलले ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी खाडा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर भांडण होईल. ऑइल बदलायला गाडी अर्धा दिवस गेली, तो खाडा नाही. ते आम्ही वर्दी नसेल त्या दिवशी उरकतो. गाडीला काम होतं आणि गाडी जाऊ शकली नाही, म्हणून वर्दी सोडावी लागली किंवा दुसऱ्याची गाडी पाठवावी लागली, तो खाडा. लॉकडाऊनचे महिने धरलेले नाहीत. मीटरवर पाच लाख किलोमीटर दिसले की लोक वाहवा करतात, पण ते पाच लाख होताना गाडी किती दिवस गॅरेजच्या पत्र्याखाली उभी होती, हे मीटर सांगत नाही. भाड्याच्या धंद्यात तेच तर महत्त्वाचं. पहाटे चारला डेरवणहून पेशंटला मुंबईला न्यायचं असतं, तेव्हा गाडीने आजवर किती किलोमीटर कापले याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. ती आज सुरू होते का, एवढंच.

पहिली बोलेरो. 2009 ची, डीआय इंजिन, 2523 सीसी. ताकद विचाराल तर हसाल, आजकालच्या छोट्या हॅचबॅकलाही तिच्यापेक्षा जास्त असते. पण तिच्या आयुष्याचं गुपित तेच आहे, असं आमचे मिस्त्री सांगतात. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून एवढंच काम घेतलं तर ते दमणार कशाला? डिझेलचा पंप मेकॅनिकल. कॉम्प्युटर नाही, सेन्सरची भानगड नाही. खाली शिडीसारखी चेसिस, मागे पाटे. हेदवीहून येताना कुठे काही झालं तरी शृंगारतळीला कुणीतरी पाना घेऊन उभा असायचाच, आणि त्याच्याकडे सामानही असायचं. नाशिकला बनणारी गाडी, 2000 सालापासून रस्त्यावर आहे, त्यामुळे तिचा ऑइल फिल्टर एखाद्या वेळी किराणा दुकानातसुद्धा मिळेल. (हे मी थट्टेने लिहितेय, पण आबलोलीकडे एका दुकानात शेवयांच्या शेजारी फॅनबेल्ट टांगलेले मी स्वतः बघितले आहेत.)

मागे आडव्या बाकावर बसून चिपळूण ते पंढरपूर जाणाऱ्या माणसाला पुण्य जास्त लागतं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. पाट्याची गाडी आहे, रिकामी असली की उडणार. भरली की शहाण्यासारखी चालते. हे माहीत असूनच घेतली होती.

आमच्याकडे बोलेरो चौदा वर्षं होती. 3,94,000 किलोमीटर. खाडे 71. आता 71 ऐकून भाऊजी लगेच टाळ्या पिटायला लागले, म्हणून मी पान उघडून दाखवलं. त्यातले 11 खाडे 2014 च्या मे महिन्यातले. रेडिएटरच्या पाइपातून तीन दिवस पाणी ठिबकत होतं. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पाणी कमी होतंय, यांना सांगितलं." हे म्हणाले, सीझन संपला की बघू. कुंभार्ली घाटात, पोफळीच्या वर, काटा लाल रेघेवर गेला आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं सील, उडालं. हेड फेस करून (घासून सपाट करून) आणायला कराडला पाठवावं लागलं. तो पाइप किती रुपयांचा होता ते मी दर मे महिन्यात यांना आठवण करून देते. याला गाडी नादुरुस्त झाली म्हणायचं की माणूस?

आणखी 12 खाडे गंजाचे. कोकणात गाडी घ्यायची तर इंजिनाआधी पत्र्याची काळजी करायला हवी. गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटक उतरतात, पोरांना गाडी थेट वाळूत न्यायची हौस असते, आणि खारं पाणी चेसिसच्या पोकळीत जाऊन बसतं. वरून लख्ख दिसणाऱ्या गाडीचा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा एका पावसाळ्यात बोट घातलं की आत जाईल असा झाला होता. वेल्डिंग करून घेतलं. त्यानंतर नियम केला: किनाऱ्यावरून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायची, आणि मृगाच्या आधी खालच्या लोखंडावर जळकं ऑइल मारायचं. ऑइलने घरासमोरची फरशी खराब होते आणि वास चार दिवस जात नाही. पण नियम केल्यापासून पत्र्यासाठी एकही खाडा नाही. नगर, लातूरकडचे लोक गाडीच्या टिकाऊपणाबद्दल बोलतात तेव्हा हा भाग त्यांच्या गणितातच नसतो.

आणि 23 खाडे महापुराचे.

22 जुलै 2021. ज्यांनी पाहिला त्यांना काही सांगायला नको. पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याला टेकलं. इनोव्हा नशिबाने सावर्ड्याला पाहुण्यांकडे होती. बोलेरो गल्लीत, टपापर्यंत पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर जे दिसलं त्यात गाडी शोधावी लागली, आत सगळा गाळ. यांना इतका अनावर मोह झाला चावी फिरवून बघण्याचा! मी चावी ब्लाउजमध्ये घालून ठेवली, असं सगळ्यांसमोर सांगते, पण खरं आहे. कारण मिस्त्रींनी फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं: स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. आमच्या गल्लीत दोघांनी हौसेने चावी फिरवली, दोन्ही इंजिनं उतरवावी लागली.

बोलेरोचं ऑइल काढलं, ते चहासारखं दुधाळ निघालं. तीनदा नवीन ऑइल घालून तीनदा काढलं. नोझल काढून हाताने इंजिन फिरवलं तेव्हा आतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. डिझेलची टाकी उतरवली, गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदललं, स्टार्टर आणि अल्टरनेटर भरून घेतले, सीट गच्चीवर वाळवल्या. सगळ्या गावातल्या गाड्या एकाच वेळी आजारी, त्यामुळे मिस्त्री दिवसाला दोन तास मिळायचे. तेविसाव्या दिवशी गाडी सुरू झाली. शेजारची दोन वर्षांची महागडी गाडी, तिच्या सीटखाली आणि गालिच्याखाली वायरींचे गुच्छ आणि कंट्रोल युनिट, ती विमा कंपनीने टोटल लॉस म्हणून उचलून नेली. त्या दिवशी मला कळलं, की कॉम्प्युटर नसणं हीसुद्धा एक सोय असते. अर्थात आजच्या प्रदूषणाच्या नियमांत तशी गाडी नवीन मिळणार नाही, आणि धूर आठवला की वाटतं, तेही बरंच.

2023 मध्ये बोलेरो एका आंब्याच्या बागायतदाराला विकली. अजून पेट्या वाहते. परवा बाजारात दिसली, मी हात केला.

आता इनोव्हा. इथे पुतण्या लगेच म्हणतो, "काकी, ती एसयूव्ही नाहीच, एमपीव्ही आहे, माणसं न्यायची मोठी फॅमिली गाडी." बरं बाबा. पण जुनी इनोव्हा, फॉर्च्युनर आणि हायलक्स ही एकाच घराण्यातली भावंडं. तिघींनाही बोलेरोसारखी वेगळी चेसिस, इंजिन आडवं नाही, गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, आणि मागच्या चाकांना ओढ. एकीला ट्रेकिंगचे बूट घातले, एकीला साडी नेसवली. आमचा प्रश्न जास्त किलोमीटरचा आहे, त्यात साडीवाली मागे नाही.

आमची 2013 ची, 2.5 डी-4डी, 2494 सीसी, 102 अश्वशक्ती. पुण्याच्या एका कंपनीच्या वापरातली, 2015 मध्ये घेतली तेव्हा मीटरवर 1,12,000. सेकंडहँड गाडीचं मीटर म्हणजे लग्नातल्या मुलाचं वय, सांगतील ते खरं धरू नये. मीटर मागे फिरवून देणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. म्हणून आम्ही गाडीचा नंबर देऊन सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या, त्या मीटरशी जुळल्या. मिस्त्रींनी क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर बघितलं. साठ हजार सांगतात आणि पॅडल गुळगुळीत झालेलं असतं, अशा गाड्या खूप. मग रात्रभर थंड राहिलेलं इंजिन त्यांनी स्वतः सुरू केलं आणि ऑइल भरायचं झाकण उघडून चालू इंजिनावर हात धरला. तिथून फक फक धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. आमच्या हिला जेमतेम फुंकर येत होती. सौदा ठरला.

आज मीटर 5,46,000. म्हणजे आमच्या हातून 4,34,000. खाडे 38.

त्यातले 5 खाडे टायमिंग बेल्टचे, दर लाखाला एक, अगदी घेतल्या घेतल्या पहिला. या इंजिनाला साखळी नाही, रबरी पट्टा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात आणि बिलाचा आकडा वाचायला चष्मा लागत नाही. "अजून चांगला दिसतोय" असं म्हणून तो पुढे ढकलणाऱ्या माणसाने इनोव्हा घेऊ नये. 9 खाडे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे. तेही गाडीच्या माथी मारता येत नाहीत. रात्री उशिरा एका आडवाटेच्या पंपावर डिझेल भरलं, त्यात पाणी होतं. या इंजिनाच्या कॉमनरेल पद्धतीत डिझेल प्रचंड दाबाने सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून जातं, पाण्याचा अंश आणि कचरा त्याला विषासारखा. त्या पंपाचं नाव लिहीत नाही, पण वहीत आहे. 6 खाडे परशुराम घाटात अंधारात मध्येच उभ्या राहिलेल्या म्हशीचे. म्हैस उठून निघून गेली. बाकीचे 18 झिजेचे: दोनदा क्लच प्लेट, लोअर आर्मचे बुश, व्हील बेअरिंग, स्टेअरिंगचे जोड, एकदा एसीचा कॉम्प्रेसर. साडेपाच लाख किलोमीटरमध्ये इंजिन अजून उघडलेलं नाही.

पाच लाखाचा आकडा 2022 च्या गणपतीत कशेडी घाटात पुरा झाला. म्हणजे आमची गाडी थांबवून फोटो काढायची वेळच आली नाही, ट्रॅफिक इतकं होतं की सगळीच थांबली होती. मागे बसलेल्या बोरिवलीच्या छोट्या मुलाने मोबाईलवर आकडा टिपला आणि मला पाठवला. तो फोटो वहीत चिकटवला आहे. नंतर परमिटचं वय झालं, तेव्हा पिवळी पाटी काढून पांढरी करून घेतली. आता घरची गाडी आहे.

तिसरी गाडी. हिचं नाव मी लिहिणार नाही. 2019 च्या दिवाळीत घेतली, कोरी करकरीत, पुतण्याच्या आग्रहावरून. काचेचं छप्पर, मोठा पडदा, बसल्यावर विमानात बसल्यासारखं. गिऱ्हाईक खूश व्हायचं, ते नाकारत नाही. चालवायलाही सुंदर, हे म्हणायचे की घाटात अशी गाडी कधी हातात आली नव्हती. पण सव्वादोन वर्षांत 78,000 किलोमीटर आणि खाडे 61.

इंजिन कधीच बंद पडलं नाही, गंमत बघा. प्रत्येक वेळी काहीतरी छोटं. पडद्यावर पिवळा दिवा, मग गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते आणि रांगायला लागते. कधी सेन्सर, कधी त्याची वायर, कधी सॉफ्टवेअर. कोपऱ्यावरचा मिस्त्री बॉनेट उघडायचा आणि देवळात करतात तसा नमस्कार करून बंद करायचा. कॉम्प्युटर लावायला कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये न्यायची, ते चिपळुणात नाही. तिथे एक वाक्य पाठ झालं: "मॅडम, पार्ट वरून यायचाय." वरून म्हणजे कुठून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा तळहाताएवढ्या वस्तूसाठी गाडी 17 दिवस उभी होती. वॉरंटीत होती, पैसे एक रुपया लागला नाही, हे मुद्दाम सांगते. पण ऐन मे महिन्यात 17 दिवस दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन वर्द्या मारल्या, ते पैसे कुठल्या वॉरंटीत बसतात?

तीच गाडी पुण्यात एखाद्या कुटुंबाकडे असती, तर पाच वर्षांत 40,000 झाली असती आणि त्यांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्यांचंही खरं असतं. म्हणून कुणी "माझी गाडी एकदम भरवशाची" म्हटलं की मी विचारते, वर्षाला किती रनिंग आणि वर्कशॉप किती लांब?

चौथी, आत्ताची: इनोव्हा क्रिस्टा, 2.4 डिझेल, हाताचे गिअर. 2018 चं मॉडेल, 2022 मध्ये 96,000 वर घेतली, आज 2,47,000. इंजिन नवीन पिढीचं, 2393 सीसी, 150 अश्वशक्ती, आणि यात टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे, त्यामुळे दर लाखाचा तो खाडा गेला. आत्तापर्यंत एकूण खाडे 5. चार टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश. यापलीकडे लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही, आणि गाडीबद्दल लिहायला काही नसणं हेच तिचं कौतुक. एकच बोच आहे: जुन्या गाडीसाठी जे पैसे मोजले, त्यात दुसऱ्या कंपनीची जवळपास नवी गाडी आली असती. टिकते म्हणून मागणी, मागणी म्हणून भाव, आणि तो भाव सेकंडहँड घेणाऱ्याने मोजायचा.

मग मी ओटीवर भागाकार करून दाखवला. एका खाड्यामागे किती किलोमीटर? बोलेरो 5,549. जुनी इनोव्हा 11,421. नाव न घेतलेली 1,279. क्रिस्टा 30,200, पण ती अजून तरुण आहे, तिला पाच लाखाला विचारू. बोलेरोतून महापूर आणि आमचा शहाणपणा असे 34 खाडे वजा केले तर उरतात 37, आणि आकडा जातो 10,649 वर. इनोव्हाच्या अगदी खांद्याला खांदा, तेही जवळजवळ निम्म्या किमतीत. ओटीवर थोडा वेळ शांतता होती. फक्त काका म्हणाले, "प्राडोचं काढलं नाहीस."

काढू कसं? त्यांच्याकडे वही नाही. पण त्यांच्या पाच लाखावर माझा विश्वास आहे, का नसावा? तिथल्या त्या मोठ्या पेट्रोल इंजिनांना सरळ रुंद रस्ता, ताशी शंभरची संथ चाल, पाऊस नाही, खड्डे नाहीत. उन्हाचा आणि वाळूचा त्रास आहे, तेवढा एअर फिल्टर वेळेत बदलला की झालं. किलोमीटर सगळीकडे सारखा नसतो. दुबईहून अबुधाबीला जाताना इंजिन दीड तास फिरतं आणि गाडी दीडशे किलोमीटर जाते. आमच्या महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय, की इथे काही वेळा दीड तासात चाळीस किलोमीटर होतात, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. ट्रॅक्टरला आणि जेसीबीला तासांचं मीटर असतं ते उगाच नाही. आमच्या इनोव्हाचे साडेपाच लाख तासांत मोजले, तर वाळवंटातल्या कितीतरी गाड्यांना ती आजी लागेल.

भाऊजींच्या स्कॉर्पिओबद्दल मला वैर नाही. 2.2 एमहॉक इंजिन दणकट आहे, ग्रामीण भागात ते बांधणारे हात गावोगाव आहेत, आणि राजकारण्यांच्या ताफ्यातल्या गाड्या ज्या वेगाने हाकल्या जातात ते पाहता ती टिकते यातच सगळं आलं. नवी स्कॉर्पिओ-एन, 2198 सीसीमधून वरच्या मॉडेलला 175 अश्वशक्ती काढते. आमच्या जुन्या बोलेरोशी तुलना करा: इंजिन लहान, काम अडीचपटीहून जास्त. धातू सुधारले, ऑइल सुधारलं, मान्य. पण 2022 च्या जूनमध्ये आलेल्या गाडीने पाच लाखाला काय केलं हे सांगायला अजून वेळ आहे. फॉर्च्युनरला मोठं इंजिन, क्रिस्टाच्याच कुळातलं, त्यामुळे टिकेल याची शंका नाही. पण अर्ध्या कोटीच्या घरातली गाडी घेऊन भाडं किती सांगायचं? आणि घाटात मागे बसलेल्या आजींना इनोव्हाच बरी वाटते, हे मी पैजेवर सांगते.

दोन गोष्टी मात्र नवीन घेणाऱ्याने विचारात घ्याव्यात. एक, कंपनी टिकते का. फोर्डची एन्डेव्हर ही काय ताकदीची गाडी होती, पण 2021 च्या सप्टेंबरात फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. शेव्हर्लेने त्याआधीच 2017 च्या अखेरीला इथली विक्री बंद केली, आणि एके काळी स्टँडवर रांगेने उभ्या असायच्या त्या त्यांच्या टव्हेरा पाहता पाहता दिसेनाशा झाल्या. इंजिन दहा लाख जाईल हो, पण दहा वर्षांनी हेडलाइटची काच कोण देणार?

दुसरी, बीएस6, म्हणजे प्रदूषणाचे नवे नियम. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल एसयूव्हींना धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. गाडी हमरस्त्यावर वेगाने चालली की तो गरम होऊन आपोआप साफ होतो. पण ज्यांचं रोजचं काम घर ते बाजार, बाजार ते शाळा, त्यांचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि शोरूमवाले सांगतात "हायवेवर फिरवून आणा." आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई दर रविवारी फक्त फिल्टर साफ करायला सावर्ड्यापर्यंत जाऊन वडापाव खाऊन येतात. गावातल्या गावात फिरणाऱ्याने डिझेल एसयूव्ही टिकाऊ असते या जुन्या समजुतीवर जाऊ नये, सरळ पेट्रोल घ्यावी. लांब पल्ला असेल तरच डिझेल.

आणि हात एकच असावा. वहीत बारकाईने पाहिलं तर भाऊजींच्या महिन्यांत क्लचचा खर्च जास्त आहे, हे मी त्या रात्री बोलले नाही, इथे लिहिते. हे घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करत नाहीत. टर्बो तापलेला असतो, त्याला ऑइल मिळत राहावं म्हणून मिनिटभर तशीच चालू ठेवतात आणि तेवढ्यात उतरून टायरला लाथ मारून बघतात. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी कधीच घालत नाहीत, 2014 नंतर तर मुळीच नाही. ऑइल दहा हजाराला म्हणजे दहा हजाराला.

पुतण्याने शेवटी विचारलं, "मग काकी, नवीन घ्यायची तर काय घेऊ?" तो वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरतो. मी म्हटलं, तुला आवडेल ती घे रे, तुझ्या हातून कुठलीच मरणार नाही.

हे लिहीत असताना क्रिस्टा श्रीवर्धनहून परत आली. पुढच्या डाव्या चाकातून घूं घूं आवाज येतोय म्हणाले, वळणावर वाढतो. बेअरिंग असणार. उद्या पहाटे पाचला डेरवण ते ठाणे वर्दी आहे, पेशंट आहे. मिस्त्रींना फोन केला, ते जेवून साडेनऊला येतो म्हणालेत. बेअरिंग दुकानदाराने घरून काढून दिलंय. अंगणातला दिवा लावलाय, जॅक बाहेर काढलाय, वही उघडून ठेवली आहे. फुली अजून मारलेली नाही.